मावळेपर्यंत मौन

काल माझा नवरा तो काम करतो त्या लाँड्रीतली मोठी इस्त्री चालूच ठेवून प्रार्थनेला पळाला. मागे चादरींचा अख्खा गठ्ठा जळाला. आळ आला तिथंच कामाला असलेल्या मावशींवर, कारण इस्त्री रोज त्याच करतात. माझ्या लेकीला पहिली आंघोळ घातलेल्या मावशी.

घरी येऊन माझ्यापाशी सगळं कबूल केलं त्याने. मग म्हणाला, "उद्या दिवस मावळेपर्यंत मौन धरतो. प्रायश्चित्त म्हणून."

"अरे, मालक सकाळीच येणारेत!"

"देवाला शब्द दिलाय," म्हणाला, आणि गप्प झाला तो झालाच.

सकाळी चहात साखर कमी पडली, तर चिमूट करून दाखवली. मी म्हटलं, "साखर मागता येते ना? मग मालकांनाही खुणेनंच सांग. नाहीतर लिहून दे."

त्याने वर बोट केलं, हात जोडले.

"याला मौन नाही म्हणत, मूग गिळून बसणं म्हणतात. लेकीला निजवताना काय शिकवतोस रे? देवाला खोटं आवडत नाही, तेच ना?"

त्याने डोळे मिटून घेतले.

आमची खोली आणि दुकान यांच्यामध्ये नुसता पडदा. पलीकडे मालकांचा आवाज चढला, "मावशी, वय झालं तुमचं. उद्यापासून येऊ नका."

"मी बटण बंद करून गेले होते, साहेब. मागे हा होता, विचारा की याला."

मालकांनी पडदा सारला. "काय रे, खरं का?"

नवऱ्याने ओठांवर बोट ठेवलं, मान खाली घातली.

"मौन दिसतंय त्याचं," मावशीच म्हणाल्या. "राहू द्या साहेब. देवाच्या कामात मोडता नको."

मला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात लेक माझ्या हातून निसटली, पडद्याखालून रांगत गेली आणि तापलेल्या इस्त्रीची लोंबणारी वायर धरून ओढू लागली.

"सोड! सोड ते!" नवरा ओरडला.

लेक दचकून रडायला लागली. मावशींनी तिला उचललं.

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "लेकीसाठी मोडलंस ना मौन? देव काही रागावला नाही. आता यांच्यासाठी बोल."

त्याने मावशींच्या खांद्यावरच्या लेकीकडे पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "मावशी गेल्यावर इस्त्री मीच पुन्हा लावली होती."

मावशींनी वळूनही पाहिलं नाही. लेकीच्या बोटांवर फुंकर घालत राहिल्या, भाजलं काहीच नव्हतं तरी.