टेबलाखालचं पाकीट

"गुरुत्वाकर्षणाचा नियम विश्वात सगळीकडे सारखाच असतो, हा माणसाचा सर्वांत मोठा गैरसमज आहे," असं जाहीर करत निवृत्त प्राध्यापकांनी टेबलाच्या पायाखालचं पाकीट ओढलं. टेबल कललं. चहा बशीत आला.

"आपल्या स्वयंपाकघरात अजून लागू दिसतोय," बायको म्हणाली.

पाकीट आठ महिने तिथंच होतं. डुगडुगत्या पायाला नेमकं तेवढंच कमी पडत होतं. प्राध्यापकांची जुनी विद्यार्थिनी आता मोठ्या दुर्बिणीवरच्या चमूची प्रमुख होती. विश्व कसकसं फुगत गेलं याचं गणित मांडताना कुणी मनासारखं उत्तर काढू नये, म्हणून या मंडळींत एक रीत आहे. मोजमापांत यंत्र एक गुप्त आकडा मिसळतं, तो छापून पाकिटात बंद करतं, आणि पाकीट बाहेरच्या माणसाकडे राहतं. आकडा दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतो. तिनं सरांचं नाव सुचवलं तेव्हा 'चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या' असं कुणीतरी म्हणालंच. दूर अंतरावर गुरुत्वाकर्षण वेगळं वागतं, हा सिद्धांत सरांचाच होता. तीस वर्षांचा.

अकराला फोन वाजला. त्यांनी तळहात सदऱ्याला पुसून तो उचलला.

"सर, आमचं उत्तर सव्वीस आलंय. त्यातून तुमच्याकडचा आकडा वजा करायचा. वीस उरले तर तुमचा सिद्धांत खरा."

"आणि काहीच नाही उरलं तर?"

"तर जुनाच नियम." ती अडखळली. "सकाळपासून तीन चहा झालेत, सर."

"माझा एक बशीत गेला. थांब, चष्मा शोधतो."

बायकोनं त्यांच्या कपाळावरचा चष्मा खाली ओढून नाकावर बसवला.

पाकीट फाडायला तीनदा प्रयत्न करावा लागला. कागदावर छापलं होतं: २६.

त्यांचा अंगठा सरकला, की त्यांनी सरकवला, देव जाणे; पण दोनाचा आकडा त्याखाली गेला आणि कागदावर नुसता सहा उरला. सुबक, गुटगुटीत सहा. ते त्याच्याकडे बघत राहिले.

"सर? आहात ना?"

बायको बशीतला चहा कपात ओतत होती. तिचा हात थांबला.

प्राध्यापकांनी अंगठा उचलला.

"सव्वीस," ते म्हणाले.

पलीकडे कागदावर पेन खरडल्याचा आवाज आला. मग "बरं, सर," एवढंच, अगदी हळू.

त्यांनी फोन ठेवला, कागदाची पुन्हा नीट घडी घातली. बायकोनं कप त्यांच्यासमोर सरकवला. टेबल पुन्हा कललं.

"अहो, काम झालं असेल तर ते पाकीट होतं तिथं ठेवा," ती म्हणाली. "आणि कागद आत घाला. नुसतं पातळ पडेल."