आखाजीच्या दिवशी मी खोटारडा ठरलो

मी एक जुना ग्लुकोमीटर आहे. बोटातून थेंबभर रक्त पट्टीवर घेऊन साखर मोजतो. मी तळहातावर मावतो, पण माझा राग कुठेच मावत नाही. हो मित्रांनो, मला राग आलाय आणि आज मी तो बोलून दाखवणार आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट जळगावच्या एका मेडिकलच्या काचेआड येऊन बसलो. तिथून एरंडोलच्या प्रकाशभाऊंनी मला घरी नेलं, त्यांच्या वडिलांसाठी. वडील म्हणजे रुपचंद आबा. त्यांना मधुमेह. सुरुवातीला काय माझा थाट होता! सकाळी आबा ओट्यावर बसून बोट पुढे करायचे आणि शेजारपाजारचे बघायला जमायचे. माझा आकडा ऐकून आबा चहा बिनसाखरेचा प्यायचे. मला वाटायचं, या घरात माझ्याइतका मान कुणालाच नाही.

मग आली आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. चुलीवर खापराची पुरणपोळी आणि पातेलंभर आमरस. रस पिळायचा तो आबांनीच, दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. त्या दिवशी मदतीला फक्त प्रकाशभाऊंना घेतलं. दोघांचे हात कोपरापर्यंत पिवळे! पिळून झाल्यावर आबांनी हात गमछ्याला पुसले आणि म्हणाले, "जेवाना पहिले साखर पाही लेऊ."

मी पाहिली. चारशेच्या वर!

"अरे, मी अजून घास बी खादा नही!" आबा ओरडले. "प्रकाश, तुनं बोट दे बरं."

प्रकाशभाऊंनीही बोट गमछ्याला पुसलं आणि दिलं. पुन्हा तसाच मोठा आकडा. शेजारचे अभिमन नाना पंगतीला आले होते, ते पोट धरून हसले. "रुपचंद, हाई मशीन तलाठी शे रे! मनले येई तो आकडा लिखी टाकस."

सगळे हसले. मी मात्र आतून किंचाळत होतो की अहो, तो रक्तातला आकडा नाही, बोटाला चिकटलेल्या आंब्याचा आहे! हात पाण्याने धुवा, मग मला विचारा! पण मला तोंड कुठे आहे? मला फक्त आकडे दाखवता येतात.

त्या दिवसापासून मी फडताळात. सोबतीला विझलेली बॅटरी आणि तुटकी कात्री.

मग करोना आला. आमच्या घरात शिरला तो दुसऱ्या लाटेत. आबांना ताप, खोकला, तोंडाला चव नाही. डॉक्टरांनी फोनवर गोळ्या सांगितल्या आणि म्हणाले, "मधुमेह आहे ना? साखरेवर लक्ष ठेवा." पण घरात नवा पाहुणा आला होता, ऑक्सिमीटर. बोटाला चिमटा लावला की झालं, टोचणं नाही, रक्त नाही. सगळे त्याच्याच भोवती! तो चांगला आकडा दाखवायचा, घर खूश व्हायचं, आणि आबांना ताकद यावी म्हणून ग्लुकोजचं पाणी, लापशी, पिकलेली केळी सुरू. माझा नुसता जळफळाट होत होता.

आबांची तहान काही भागेना, साखर चढल्याची खूणच ती! धुळ्याला दिलेली त्यांची मुलगी सुनिताताई, तिचा फोन आला.

"भाऊ, साखर किती आहे?"

"ऑक्सिजन चांगला शे ना!"

"मी ऑक्सिजन नाही विचारला. साखर!"

"ते मशीन बिघडेल शे, ताई. तुले माहीत शे ना, आखाजीले मले बी मधुमेह करी टाका त्यानी."

"नवीन पट्ट्या आण आणि तपास. नाहीतर मी निघते धुळ्याहून."

या धमकीने मी बाहेर आलो. नवी पट्टी लागली. आबांचं अंग नुकतंच ओल्या फडक्याने पुसलेलं; त्यांचं स्वच्छ बोट टोचलं. पाचशेच्या वर!

"पाहा! पुन्हा येडं व्हयनं!" असं म्हणून प्रकाशभाऊंनी मला खाटेवर आपटलं. मित्रांनो, मी एवढा हताश कधीच झालो नव्हतो. आबांचा श्वास भरभर चालला होता. खरं बोलणारा मी समोर पडलो होतो आणि माझ्यावर कुणाचा विश्वास नव्हता!

तेवढ्यात आबांच्या पत्नी ताईबाई भांडी घासून आत आल्या. "मनं बोट ले," त्या म्हणाल्या.

हात ओले, स्वच्छ. पदराने कोरडे केले. मी आकडा दाखवला, अगदी निरोगी माणसाचा. प्रकाशभाऊंनीही हात धुतले, बोट दिलं. तोही ठीक.

ताईबाईंनी प्रकाशभाऊंच्या धुतलेल्या हातांकडे पाहिलं. "प्रकाश, त्या दिनले तुमना हात रसना व्हतात रे. मशीन खरं बोलस. गाडी काढ!"

दवाखान्यात आबांना इन्सुलिन दिलं, मग ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर म्हणाले, "करोनाने साखर चढते आणि साखर चढलेली असली की अंगाला करोनाशी लढणं जड जातं. आधी बघायला हवं होतं." आधी! आधी मी फडताळात होतो ना!

आबा घरी आले, पण निम्मे झालेले. ओट्याची पायरी चढतानाही दम लागतो. आता हात धुऊन ते बोट देतात आणि तोंड फिरवून विचारतात, "प्रकाश, त्याले इचार, आज केळं खाऊ का मी?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला काही विचारतं.

मित्रांनो, माझे कितीतरी भाऊबंद तुमच्याही घरात पडून असतील. त्यांना बाहेर काढा, पट्टीची तारीख बघा, बोट धुऊन कोरडं करा. आजी-आजोबांना ताप आला तर चिमट्याच्या आकड्यावर समाधान मानू नका, माझाही घ्या. आणि माझा आकडा आवडला नाही तर खुशाल मला शिव्या द्या, मला आता सवय झाली आहे. फक्त शिव्या देत देत दवाखान्याच्या वाटेला लागा.