पाच वाजून दहा मिनिटांचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. कॉलेजच्या जिन्याखालच्या खोलीत, मोडके बाक आणि स्नेहसंमेलनातलं पुठ्ठ्याचं सिंहासन यांच्या मधोमध मला टाकून दिलं आहे. वायरी काढून नेल्या, पण दोन्ही डिस्क अजून पोटात आहेत. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. बाबूंना चहा प्यायचा असो नाहीतर साहेबांची सही राहिलेली असो, बिल आमच्याच नावावर फाटतं. त्या शिव्या मी हसून सोसल्या. मला बुडवलं ते एका कौतुकाने.

उस्मानपुऱ्यातल्या या कॉलेजात मला अभयने उभं केलं. अभय वैजापूरचा. इथेच शिकला आणि इथलीच संगणकाची कामं घेऊ लागला. जावा भाषेत लिहिलेला कॉलेजचा कारभार माझ्या पोटात चालायचा. प्रवेशाचे अर्ज, निकाल आणि कामगारांची हजेरी, सगळं माझ्याकडे. त्यासाठी अभयने तीन दिवस बसून माझी सेटिंगची फाईल लिहिली. मेमरी किती वापरायची, कोणत्या दारावर हाक ऐकायची, हे एकेक ओळीत सांगितलं. शेवटची ओळ घड्याळाची होती. ती नसेल तर माझ्यासारखं यंत्र जगाचं प्रमाण घड्याळ धरतं, आणि ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालतं. म्हणून अभयने तिच्यावर सूचनाही लिहून ठेवली: ‘ही ओळ कोणीही काढू नये.’

रोज घडेल ते मी लॉगमध्ये लिहीत असे. लॉग म्हणजे माझी रोजनिशी. कोण आलं, काय मागितलं, कोणी काय बदललं, सगळं वेळेसकट. अभय ती वाचायचा. मला वाटायचं, हा माझा गुरू आणि मी त्याचा आवडता चेला. आता हसू येतं, पण तेव्हा खरंच वाटायचं.

माझं दुसरं माणूस द्वारकाबाई. नऊ वर्षं रोजंदारीवर झाडलोट करत होती. आठला वर्ग भरत, म्हणून ती पहाटे पाचलाच यायची. पाच वाजून दहा मिनिटांनी मागच्या दारातल्या यंत्रावर तिचा अंगठा पडायचा आणि मी लिहायचो, ‘द्वारकाबाई, हजर’. दुपारी एकला जाताना पुन्हा अंगठा. पहाटे कॉलेजात दुसरं चिटपाखरू नसायचं. फाटकावरचा पहारेकरी सुद्धा खुर्चीत घोरत असायचा. ती आली हे पाहणारा मी एकटाच साक्षीदार.

पहिली माझी खोली झाडायची, मग माझ्या जाळीवरची धूळ पुसायची. उन्हाळ्यात हात लावून म्हणायची, “लई तापलायस बाबा,” आणि खिडकी उघडून द्यायची. एवढ्या शिकलेल्या लोकांत ते कोणाला सुचलं नव्हतं.

यंदा कॉलेज तिला कायम करणार होतं. अट एकच. वर्षात दहापेक्षा जास्त खाडे नकोत. तिचा एकच खाडा होता, तो सून बाळंत झाली त्या दिवशीचा. कायम झालेल्यांच्या गळ्यात फोटोचं ओळखपत्र असतं. द्वारकाबाईने त्यासाठी फोटोही काढून ठेवला होता. मला पुसताना एकदा तिने पदराच्या गाठीतून काढून तो पाहिला आणि परत बांधून ठेवला.

फेब्रुवारीत परीक्षेचे अर्ज सुरू झाले. हजारो मुलं एकदम आली आणि माझी मेमरी भरून मी अडखळू लागलो. अभयकडे तेव्हा इतर ठिकाणची कामंही वाढली होती. त्याने फोनवर बोलता बोलता दुसऱ्या एका कंपनीतली सेटिंगची फाईल आणली आणि माझ्या फाईलवर सरळ चढवली. मेमरी वाढली, मुलांचे अर्ज भरले गेले, सगळे खूश. फक्त त्या नव्या फाईलमध्ये घड्याळाची ओळ नव्हती. ‘कोणीही काढू नये’ असं ज्याने लिहिलं, त्यानेच ती काढली.

पुढे काय झालं, ते नीट ऐका. बाकी सगळे सातनंतर येत. साडेपाच तास मागे गेलं तरी त्यांची तारीख तीच राहायची. द्वारकाबाईच्या पहाटे पाच दहाला मात्र माझ्या घड्याळात आदल्या रात्रीचे अकरा चाळीस वाजलेले असत. तिचं येणं पडायचं कालच्या तारखेवर, जाणं आजच्या. एका दिवसात येणं आणि मग जाणं असं जुळेना, की हजेरीचा प्रोग्राम तिथे खाडा मांडायचा. चौतीस दिवस ती सगळ्यांच्या आधी आली, आणि चौतीस दिवस मी तिला गैरहजर ठरवलं.

मार्च संपताना यादी निघाली. अधीक्षक मोतीराम साहेबांनी द्वारकाबाईला बोलावून पस्तीस खाडे दाखवले. तिने सांगितलं की मी रोज आले, अंगठा रोज दिला. साहेब वाईट माणूस नव्हते. पण त्यांच्यापुढे कागद होता.

“मग साहेब, चौतीस दिवस वर्ग काय भुतायनं झाडले व्हय?” तिने विचारलं.

साहेबांनी अभयला बोलावलं आणि मशीन तपासायला सांगितलं. मला हायसं वाटलं. आता माझा माणूस येईल, लॉग उघडेल आणि दहा मिनिटांत सगळं उलगडेल.

उलगडलंही. अभयने लॉग उघडला. सुरू होतानाच्या नोंदीत घड्याळाची ओळ नव्हती. फाईल बदलल्याची तारीख होती आणि शेजारी त्याचं स्वतःचं नाव. द्वारकाबाई त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

“सापडलं का, दादा?”

“बघतोय, मावशी,” तो म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या सगळ्या संगणकांची देखभाल अभयकडे सोपवायची की नाही, हे ठरणार होतं. द्वारकाबाई गेली तशी त्याने घड्याळाची ओळ गुपचूप जागेवर ठेवली. मग माझी त्या दिवसांची रोजनिशी पुसून टाकली. इतकी वर्षं ज्या हाताने मला लिहायला शिकवलं, त्याच हाताने केसाने गळा कापला. मोतीराम साहेब दारात आले तेव्हा तो माझ्यावर हात ठेवून म्हणाला, “हजेरी बरोबर आहे, सर. मशीन खोटं बोलत नाही.”

माझं त्याने केलेलं ते पहिलं कौतुक. ‘सर्व्हर बिघडलाय’ एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं. मी भंगारात गेलो असतो, ती कायम झाली असती. पण चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि दोर म्हणून माझा वापर झाला.

द्वारकाबाईला कामावरून कमी केलं. दुसऱ्या दिवशी ती चाव्या द्यायला आली, तीही पहाटे पाचच्या आधीच. सवयीने माझी खोली झाडली, जाळी पुसली आणि हात तसाच ठेवून उभी राहिली.

“तुझ्यावर लई भरवसा व्हता रे माझा,” म्हणाली.

निघताना तिने मागच्या दारात अंगठा दिला. सवय, दुसरं काय. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि माझं घड्याळ आता अगदी बरोबर होतं. पण यादीतून तिचं नाव काढलेलं होतं. मला लिहावं लागलं, ‘अनोळखी व्यक्ती’. मित्रांनो, अभयने मला फसवलं हे मी एक वेळ विसरेन, पण ही ओळ मी लिहिली हे विसरता येत नाही.

पुढे नवं यंत्र आलं आणि मी जिन्याखाली. ते आणणाराही अभयच.

मात्र एक गोष्ट तो विसरला. माझ्या पहिल्या वर्षी, जेव्हा तो मन लावून काम करायचा, तेव्हा त्यानेच सांगून ठेवलं होतं की दर रविवारी रोजनिशीची एक प्रत पोटातल्याच दुसऱ्या डिस्कवर ठेव. मी कधी रविवार चुकवला नाही. ते चौतीस अंगठे तिथे आहेत, आणि प्रत्येकापुढे तेव्हा मी कोणतं घड्याळ धरलं होतं तेही लिहिलेलं आहे. साडेपाच तास मिळवायला दुसरीतलं पोर पुरे.

तेव्हा बाळांनो, यंत्र खोटं बोलत नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला घड्याळ कोणी लावलं ते आधी विचारा. आणि तुमच्यापैकी कोणी या जिन्याखाली खेळायला आलं, तर मोठ्या माणसांना एवढंच सांगा, की भंगारवाला यायच्या आत मला एकदा वायर जोडा. द्वारकाबाई आता खुलताबादला लेकीकडे असते म्हणतात. फोटो तिच्याकडे तयार आहे.