कृपेचा खाते क्रमांक

सभागृहाच्या दारात चपलांचा ढीग एवढा झाला होता, की आत महाराज आहेत की जोड्यांचा सेल लागलाय, असा प्रश्न नवख्याला पडावा. आत प्रत्येकाच्या हातात मोबाइल, आणि प्रत्येकाची नजर त्याच्यावर. कारण जमामहाराजांची कृपा बँकेच्या मेसेजने यायची.

इतर महाराज हवेतून अंगठी काढतात, राख काढतात. असल्या किरकोळ मालात हे पडत नसत. भक्ताने चिठ्ठीवर खाते क्रमांक लिहायचा, चिठ्ठी ताटात ठेवायची आणि डोळे मिटायचे. चार-दोन दिवसांत खात्यात रोख रक्कम जमा. कुणी भरली, कुणालाच ठाऊक नाही.

“पैसा म्हणजे लहर,” महाराज सांगत. “लहरीला खातं लागतं, खात्याला क्रमांक लागतो, क्रमांकाला श्रद्धा लागते. आणि श्रद्धेला,” इथे ते डोळे मिटत, “शाखेचं नाव लागतं. सुवाच्य लिहा.”

एकच अट होती. दहा भाग आले तर एक भक्ताचा, नऊ महाराजांच्या संस्थेला परत, तेही चेकने. रोख चालत नसे. रोखीने अहंकार वाढतो, असं महाराजांचं मत होतं.

कोपऱ्यावर शिलाईचं दुकान चालवणाऱ्या मापाताईवर ही कृपा तीन वर्षांपूर्वी झाली होती. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की ती टेप न लावता कंबर सांगे, आणि ती सहसा गिऱ्हाइकाच्या समजुतीपेक्षा जास्त भरे. म्हणून हे नाव. सासूबाईंच्या आग्रहाने तिने चिठ्ठी ठेवली. आलेल्या एका भागातून दुसरं शिलाई मशीन घेतलं, नऊ भाग इमानाने संस्थेला दिले. आणि आता आयकर कार्यालयाची नोटीस आली होती. त्या वर्षीचा हिशेब पुन्हा उघडला आहे, खात्यातल्या रोख रकमेचा खुलासा करा. खुलासा पटला नाही, तर दहाच्या दहा भाग तिचंच उत्पन्न धरून त्यावर कर आणि वर दंड. म्हणजे दोन्ही मशीनं गेली आणि दुकानही गेलं.

“सांग ना त्यांना, कृपा झाली म्हणून,” सासूबाई म्हणाल्या.

“सांगितलं.”

“मग?”

“साहेब म्हणाले, कृपेचा पत्ता द्या.”

मापाताई महाराजांकडे गेली. महाराज म्हणाले, नोटीस ही परीक्षा आहे. जुनी कृपा आटली, नवी घे. संस्थेच्या चिटणिसाने बाजूला घेऊन व्यवहाराचं सांगितलं, “सासूचे दागिने विकले असं लिहून द्या. सगळे तसंच देतात.”

सासूबाईंच्या अंगावर मणी नव्हता. त्या माउलीने आयुष्यभर जे सोनं पाहिलं ते दुसऱ्यांच्या गळ्यात. मापाताईला तिथून जो राग चढला, तो तिने तसाच आपल्या शाळेतल्या मैत्रिणीकडे नेला. ही मैत्रीण जनावरांची डॉक्टर. त्या वेळी एका गाढवाच्या पायाला प्लास्टर घालत होती.

“एक सांग,” डॉक्टरीणबाई म्हणाली, “कृपेला तुझं नाव माहीत आहे ना?”

“असणारच. अंतर्ज्ञानी आहेत.”

“मग क्रमांक कशाला मागतात? आणि क्रमांकावरच चालत असेल, तर आमचा दे. दवाखान्याच्या फाटकावर रंगवलाय बघ, देणग्यांसाठी. लंगड्या कुत्र्याच्या चित्राखाली. वर्षभरात कुणी वाचलेला नाही.”

दुसऱ्या दिवशी मापाताईने तो क्रमांक लिहिलेली चिठ्ठी चिटणिसाच्या देखत ताटात ठेवली. सुवाच्य लिहिली होती.

पुढच्या बैठकीत चिटणिसाने माइक घेतला. “मापाताई, आपल्यावर मोठी कृपा झाली आहे. नऊ भागांचा चेक आणलात?”

“माझ्यावर कुठे झाली?”

“परवा झाली ताई. खातं बघा नीट.”

“बघितलं. तुम्हाला कसं कळलं, झाली म्हणून?”

“महाराजांना दिसतं,” चिटणीस म्हणाला.

“मग महाराजांनीच सांगावं, कुणाच्या नावावर पडली.”

महाराजांनी डोळे मिटले. त्यांना बहुतेक काही दिसेना. सभागृहात कुजबुज वाढली, पहिल्या रांगेतला प्लॉटवाला शेठ खुर्चीत चुळबुळू लागला. त्याच्याकडे पाहून चिटणिसाने घाईघाईने खिशातून बँकेच्या पैसे भरायच्या मशीनची पावती काढली. “खोटं बोलता? ही बघा पावती. मी माझ्या हाताने भरलेत पैसे.”

हे वाक्य माइकवरून सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं. माइक चांगला होता, तोही देणगीतलाच.

मापाताईबरोबर आलेली डॉक्टरीणबाई उभी राहिली. “ते पैसे आमच्या दवाखान्याला मिळाले. मशीन पैसे घेण्याआधी नाव दाखवतं आणि ‘बरोबर आहे का’ विचारतं. भाऊ घाईत असणार. बरोबर म्हणाले.”

“ही आमचीच लीला,” महाराज डोळे उघडून म्हणाले. “मुक्या जिवांवर आम्हीच कृपा केली.”

“मग नऊ भाग मागायचे कुणाकडे? गाढवाकडे?” मापाताईने विचारलं.

हसण्याचा भर ओसरल्यावर लोकांनी चिटणिसाला घेरलं, आणि त्याने सगळं सांगून टाकलं. हिशेबाबाहेरची रोकड शेठची. ती भक्तांच्या खात्यांत थोडी थोडी शिरायची, चेकने संस्थेत जायची आणि संस्थेने दिलेलं कर्ज म्हणून पांढरीशुभ्र होऊन शेठकडे परत यायची. महाराजांचं कमिशन वेगळं. मागे उरायची ती भक्ताच्या खात्यातली न उलगडणारी जमा. शेठ तोवर मागच्या दाराने गेला होता.

“आता गप्प बसू या,” एक गृहस्थ म्हणाले. “बोललो तर आपलीही नावं येतील.”

“आलीच आहेत,” मापाताई म्हणाली. “आयकरवाल्यांकडे फक्त आपलीच आहेत. उरलेली द्यायला मी उद्या जाते. कोण येतंय?”

पहिल्या उठल्या त्या सासूबाई. “मीच ढकललं हिला यात. आणि माझे नसलेले दागिने विकणाऱ्याचं नाव मीच सांगणार.”

आयकर साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हे लिहून दिलंत तर तुम्हीही अडकू शकता.”

“एक भाग मी वापरला. त्याचा कर देते, दंडही देते. नऊ भाग ज्याचे, त्याच्याकडून घ्या.”

“ते मान्य होईलच असं नाही.”

“मग होईपर्यंत येत राहीन. दागिने विकले असं मात्र लिहून देणार नाही.”

प्रकरण अजून चालू आहे, दुकानही चालू आहे. महाराज गाव सोडून गेले. दुसरीकडे दुसऱ्या नावाने ताट मांडतील. तुमच्या गावात मांडलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा: हे पैसे भरले कुणी? विचारल्याने देव रागावत नाही. आणि जो रागावेल, त्याला खाते क्रमांक देऊ नका.