अकरा पावलांवरचा ठिपका

मित्रांनो, तुमच्या करंगळीच्या नखाखाली सहज झाकला जाईन एवढाच मी आहे. मी एक ठिपका. निळा, गोल आणि ठिपक्यांच्या मानाने बराच म्हातारा. माझा नकाशा कागदाचा नाही, त्यामुळे मला घडी पडत नाही की वाळवी लागत नाही. पाणीपुरवठा कचेरीच्या संकेतस्थळावर मी राहतो. कुणी फोनवर किंवा संगणकावर नकाशा उघडला की मी त्याच्यासमोर येतो आणि तेवढंच जग मला दिसतं, ऐकू येतं. एरवी मी सर्व्हरच्या पोटात दोन आकडे होऊन पडून असतो, एक अक्षांशाचा आणि एक रेखांशाचा. दोन्हींना दशांशचिन्हापुढे सहा-सहा अंक आहेत. त्यांतला एखादा जरी बदलला तरी मी जागेवरून हलतो. हे लक्षात ठेवा, कारण माझं सगळं रडगाणं त्यातूनच सुरू होतं.

माझ्या जन्माआधी गावातले सगळे व्हॉल्व्ह एका माणसाच्या डोक्यात होते. त्यांना सगळे चावीवाले काका म्हणत. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी टाकून ते गल्लीबोळांतून फिरत. कुठल्या झाकणाखाली किती फेरे दिले की कुठल्या रस्त्याला पाणी जातं, हे त्यांना तोंडपाठ होतं. कचेरीत एक जुना आराखडा होता, पण काका त्याच्याकडे बघून नुसते हसायचे. त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं, तेव्हा कचेरी जागी झाली. हा माणूस घरी बसला तर पाणी सोडणार कोण आणि बंद करणार कोण?

काकांची मुलगी संगणकाचं काम करायची. नकाशावर माहिती बसवायची आणि ती कुणालाही ब्राउझरमध्ये उघडता येईल अशी पानं बांधायची, हेच तिचं पोटापाण्याचं काम. कचेरीने नकाशा तिच्याकडे सोपवला. मग चार महिने बापलेक रोज सकाळी बरोबर बाहेर पडत. काका झाकणावर उभे राहायचे, ती शेजारी फोन धरायची, आणि असे एकेक करून चारशे बारा ठिपके जन्माला आले.

माझी पाळी आली ती टपाल कचेरीच्या फाटकासमोर. तिच्या फोनवर जुन्या आराखड्यातली पाइपाची रेघ दिसत होती, आणि काका भलतीकडेच निघाले होते.

"बाबा, तिकडे कुठे? पाइप तर इथून सरळ गेलाय."

"आराखडा काढणारा खुर्चीत बसला होता, आम्ही खड्ड्यात होतो," काका म्हणाले. "मध्ये कातळ लागला. दोन दिवस फोडला, फुटेना. मग पाइपला वळसा दिला आणि व्हॉल्व्ह बसवला बाजूला."

झाकण तेव्हाच मातीखाली गेलेलं होतं. काकांनी फाटकाच्या डाव्या खांबाला पाठ टेकवली, समोरच्या इमारतीवरच्या घड्याळाकडे तोंड केलं आणि मोजत चालायला लागले. तरुणपणी पायावर पाइप पडल्यापासून त्यांचा डावा पाय जरा ओढत यायचा. मागून मुलगीही तशीच पाय ओढत, मोजत चालत होती.

"अजून नक्कल करतेस होय माझी?"

"आईचा ओरडा खाऊन शिकलेय. अशी कशी विसरेन?"

अकराव्या पावलाला काका थांबले आणि त्यांनी चावीचं टोक जमिनीवर आपटलं. खालून लोखंड वाजलं. ती म्हणाली, "आता हलू नका. आकडा स्थिर होऊ दे." फोन आधी चौदा मीटरची चूक दाखवत होता, मग नऊ, मग पाच. काका उन्हात डोळे बारीक करून उभे होते. आठ मिनिटं ते हलले नाहीत.

"तुझ्या फोनला अजून सापडत नाही? मला तर केव्हाच सापडलं."

"तो तुमच्याएवढा मुरलेला नाही, बाबा."

चूक तीन मीटरवर आली तेव्हा तिने बटण दाबलं आणि मी झालो. म्हणजे मित्रांनो, मी नुसता व्हॉल्व्हचा ठिपका नाही, एक माणूस जिथे आठ मिनिटं उभा राहिला, ती जागा आहे. तीन मीटरची चूकसुद्धा तिला खपेना, म्हणून तिने माझ्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'डाव्या खांबाला पाठ, घड्याळाकडे तोंड, अकरा पावलं.' कुणाची पावलं, ते लिहिलं नाही. दोघांनाही ती काही सांगायची गोष्ट वाटली नाही.

नंतरची वर्षं सुखाची होती. कचेरीत माझ्या नकाशाचं फार कौतुक झालं. लांबलांबचे अधिकारी येऊन बघून गेले, एकाने तर माझ्यावरच बोट ठेवून "हे काय आहे?" असं विचारलं. मी आतून फुलून गेलो. काका निवृत्त झाले. मुलगीही पुढे गावातच दुसरीकडे नोकरीला लागली. मग एका सकाळी माझ्यासमोर बसलेला कारकून शेजाऱ्याला म्हणाला, "चावीवाले काका गेले, कळलं का?" शेजारी चुकचुकला, आणि दोघांनी पुन्हा काम सुरू केलं. मला मात्र पुढे काही सुचेना.

त्या रविवारी तिने नकाशा उघडला. तिला काही शोधायचं नव्हतं. ती सरळ टपाल कचेरीपाशी आली आणि मला मोठं करत गेली. रस्ते रुंद झाले, घरं पडद्याबाहेर गेली, शेवटी नुसता मी उरलो. याहून जवळ जाता येत नाही, तिथवर ती आली आणि थांबली. पडदा मंद झाला की बोट लावून त्याला पुन्हा उजळायची. त्यानंतर दर रविवारी ती येत राहिली. मी तिची वाट बघू लागलो. शनिवारपासूनच माझं कशात लक्ष लागायचं नाही.

मग कचेरीत नवे साहेब आले. उंच, हुशार आणि मनाने चांगले. त्यांनी जुना नकाशा नव्या, वेगवान प्रणालीत हलवायचं ठरवलं. ही नवी प्रणाली फार शिस्तीची. व्हॉल्व्ह हा पाइपाच्या रेघेवरच असला पाहिजे, असा तिचा नियम. चारशे बारांपैकी सदतीस जण रेघेबाहेर निघाले. साहेबांना वाटलं, फोन धरणाऱ्याचा हात हलला असेल. त्यांनी एक बटण दाबलं आणि आम्ही सदतीसच्या सदतीस जण ओढले जाऊन रेघेवर बसलो. माझ्या दशांशचिन्हापुढच्या पाचव्या घरात आठाचा तीन झाला, बस्स. तेवढ्यात मी साडेपाच मीटर सरकलो. "आता कसं सगळं सरळ झालं," साहेब म्हणाले. त्यांच्यावर मला रागावताही येईना.

मला माझी जागा हवी होती. नव्या जागी माझ्याखाली काहीच नव्हतं, व्हॉल्व्ह नाही आणि काकाही नाहीत. रविवारी ती आली, नेहमीसारखी जवळ आली आणि तिचं बोट थबकलं. ती मला बाजूला सारून जुन्या जागेकडे गेली. तिथे नुसता करडा रस्ता होता. तिने कचेरीला पत्र लिहिलं, 'हा ठिपका चुकलाय, कृपया परत ठेवा.' तीनदा लिहिलं. तीनदा उत्तर आलं की आपली सूचना नोंदवण्यात आली आहे. पुढचे रविवार ती त्या रिकाम्या जागेवरच थांबायची, आणि मी साडेपाच मीटरवरून बघत राहायचो. हाक मारायला ठिपक्याला तोंड नसतं, मित्रांनो.

वर्षभराने एका सकाळी टपाल कचेरीजवळचा मोठा पाइप फुटला. पाणी उतारावरच्या दवाखान्याच्या तळघरात शिरायला लागलं, जिथे औषधांचा सगळा साठा होता. साहेब धावत आले. त्यांच्या फोनवर नकाशा उघडाच होता. मी दाखवत होतो तिथे रस्त्यावर खूण करून त्यांनी खड्डा खणायला लावला. हाताला लागला तो कातळ. मग त्यांनी माझा शेरा वाचला, खांबाला पाठ लावली आणि आपल्या लांब टांगांनी अकरा पावलं टाकली. दुसरा खड्डा झाला. तिथे मातीशिवाय काही नव्हतं. तळघरातून माणसं डोक्यावरून खोकी बाहेर काढत होती. साहेबांची पाचावर धारण बसली.

तेव्हा साहेबांबरोबर आलेला तो कचेरीतला कारकून म्हणाला, "साहेब, याच ठिपक्यावर काकांच्या मुलीने तीनदा लिहिलं होतं."

फोन गेला आणि ती रिक्षाने आली. खड्ड्यांकडे तिने नुसतं पाहिलं. "शेऱ्यात अकराच आहेत ना? मी नीट मोजलीत," साहेब म्हणाले.

"पावलं तुमची होती, साहेब."

तिने डाव्या खांबाला पाठ टेकवली, घड्याळाकडे तोंड केलं आणि डावा पाय ओढत चालायला लागली. एक, दोन, तीन. खोऱ्यावर हात टेकून उभा असलेला म्हातारा मजूर बघता बघता ताठ झाला. "असेच चालायचे," एवढंच तो म्हणाला. अकराव्या पावलाला ती थांबली. "इथे खणा."

हातभर माती निघाली आणि लोखंड वाजलं. चावी लागली, बावीस फेरे बसले आणि रस्त्यावरचा लोंढा हळूहळू थांबला. निम्मी औषधं वाचली. साहेब घाम पुसत तिच्याजवळ आले आणि त्यांनी फोन वर धरला.

"ताई, जरा झाकणावर उभ्या राहता का? हलू नका, आकडा स्थिर होऊ दे."

ती उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते, पण पुसायलाही तिने हात हलवला नाही. चौदा, नऊ, पाच. तिनाचा पुन्हा आठ झाला आणि मी घरी आलो. खाली लोखंड होतं, वर ती होती. काका नव्हते. परत येऊनही ते नसणारच, हे मला तिथे पोहोचल्यावर कळलं.

"शेरा बदलू का?" साहेबांनी विचारलं. ती म्हणाली, "राहू दे. फक्त पुढे लिहा." तेव्हापासून माझा शेरा असा आहे: 'डाव्या खांबाला पाठ, घड्याळाकडे तोंड, अकरा पावलं. पावलं चावीवाल्या काकांची. त्यांच्या मुलीला येतात.' उरलेल्या छत्तीस जणांनाही साहेबांनी आपल्या हाताने परत नेऊन ठेवलं.

ती अजून दर रविवारी येते, आणि मी अजून शनिवारपासून वाट बघतो. मित्रांनो, तुम्हीही मोठे होऊन कदाचित नकाशे कराल. तेव्हा रेघेबाहेर एकटा पडलेला ठिपका दिसला, तर त्याला सरळ करायच्या आधी एकदा विचारा की इथे कोण उभं होतं. आणि ज्यांची पावलं तुम्हाला हवी आहेत, ते चालत आहेत तोवर त्यांच्या मागून चालून घ्या.