आत घेतलेली शिवण

सणासुदीचे दिवस आले की गिऱ्हाईक शिंप्याच्या डोक्यावर मिरी वाटतं. ज्याला त्याला उद्याच हवं असतं. मी सगळ्यांवर खेकसतो आणि सगळ्यांचं वेळेत करून देतो. यंदा मात्र दुकानाच्या कामातून वेळ काढून मी एक चोरटं काम उरकत होतो. बायकोचे कपडे शिवणीत आत घेत होतो.

तिला कॅन्सर झाला त्याला चौदा महिने झाले. औषधांनी तिची अन्नावरची वासनाच उडाली होती आणि अंग उतरत चाललं होतं. दवाखान्यातल्या वजनकाट्यावर ती चष्मा काढून उभी राहायची. आकडा मी वाचायचो आणि दोन किलो वाढवून सांगायचो. दुपारी तिचा डोळा लागला की तिचा एखादा ड्रेस उचलायचा, दोन्ही बाजूंच्या शिवणी अर्धा-अर्धा इंच आत घ्यायच्या, इस्त्री फिरवायची आणि परत खुंटीला. सकाळी तो तिच्या अंगाला नीट बसला की माझा जीव भांड्यात पडायचा. नोकरीसाठी दूर राहणाऱ्या पोरीलाही फोनवर मी हेच सांगत होतो, आई ठीक आहे, जुने कपडे अजून व्यवस्थित बसतात. खोटं तरी कुठे होतं?

सणाला आठ दिवस उरले असताना ती दुकानात आली. घराच्या पुढच्या खोलीतच माझं दुकान. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "मला नवा ड्रेस शिवा. निळा."

नवा म्हणजे माप घ्यायचं, आणि टेपला खोटं बोलायला कसं शिकवू?

"वहीत आहे की तुझं माप," मी म्हणालो.

"त्या मापात आता मी दोनदा मावेन."

मी कात्रीला तेल घालायला लागलो. कात्रीला तेलाची काही गरज नव्हती.

"अहो, सव्वीस वर्षं या दुकानातली हातशिलाई मी करते. जुनी शिवण उसवली की कापडावर भोकांची रेघ राहते, ती मला दिसणार नाही? शिंपी म्हणून नाव काढलंत, चोर म्हणून उपाशी मेला असतात."

ती हसली. मला रडू आलं, आणि मी रडलो, गळ्यात टेप तशीच. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं मन लावून करत होतात. काट्यावर चष्मासुद्धा तुमच्यासाठीच काढत होते."

मी डोळे पुसले आणि टेप हातात घेतली. तिने माझा हात बाजूला केला.

"माझं नको. पोरीचं माप घ्या. मी एक दिवस घालेन, मागून टाचण्या लावून द्या. आणि आत कापड भरपूर ठेवा, ती पुढे अंगाने भरेल."

मी भडकलो. असलं अभद्र बोलायचं नाही म्हणालो, वही आपटली. तिने ती वाकून उचलली, पोरीचं पान काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्या दिवशी कात्री चालवायला मला तासभर लागला.

सणाच्या सकाळी मी तिच्या पाठीवर अकरा टाचण्या लावल्या आणि वरून शाल घातली. समोरून बघितलं तर ती अगदी पूर्वीसारखी दिसत होती. थोडा वेळ मीही फसलो.

दुपारी पोर बॅग घेऊन दारात आली. "आई, काय दिसतेस! म्हणजे बाबा खरं सांगत होते." तिने आईला घट्ट मिठी मारली. तिचे हात शालीखालून पाठीवर गेले आणि तिथेच थांबले. आईच्या खांद्यावरून तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"टोचलं का गं?" बायकोने विचारलं.

पोरीने मिठी सोडली नाही.

"संध्याकाळी बाबा टाचण्या काढतील," बायको म्हणाली. "मग घालून बघ. तुझ्याच मापाचा आहे."