कोरा दगड

"मग काय लिहायचं ठरलं, भावजी?" मेव्हणीनं विचारलं.

ती तिच्या ताईच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या कबरीपाशी उभी राहून डब्यातला काळा रंग काडीनं ढवळत होती. मी खडू लावलेला दोरा हातात धरून नुसता दगडाकडे बघत होतो.

"नाव आणि दोन तारखा," मी म्हणालो.

"आणि खाली?"

"खाली काय?"

"चाळीस वर्षं लोकांच्या दगडांवर 'प्रेमळ आई', 'लाडकी आई' रंगवत आलात. आजच हात आखडला?"

मेव्हणीची जीभ पहिल्यापासून तिखट.

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या आणि या दफनभूमीतल्याही. इथल्या निम्म्या लोकांची नावं माझ्या हातची आहेत. कोरा दगड एकच आहे, बायकोच्या कबरीला लागून, हातभर उंचीचा. तो माझ्या मुलीचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एकतीस वर्षांपूर्वी ती झाली आणि तासभर जगली. सुईणीनं घाईघाईनं कपाळावर पाणी ओतून बाप्तिस्मा दिला. नाव बायकोनं सांगितलं, स्वतःच्या आईचं. चौथ्या दिवशी ती अंथरुणातूनच म्हणाली, "दगडावर तिचं नाव काढा ना. तुमच्या हातानं."

"अगं, नाव कशाला?" मी म्हणालो. "तासाभराचा देह होता तो. माणूस कुठं झाली होती अजून?"

तिला धीर यावा म्हणून बोललो. नाव लिहिलं तर रोज जाऊन वाचत बसेल, कोरं ठेवलं तर लवकर विसरेल, असा माझा हिशेब. ती भिंतीकडे वळली. पुन्हा तिनं कधी मागितलं नाही. पुढे आम्हाला मूल झालं नाही. कोणी विचारलं की मी सांगून टाकायचो, "नाही, आम्हाला मूलबाळ नाही." ती शेजारीच असायची. तेवढा वेळ ती हातातल्या पिशवीचा बंद चाचपत राहायची.

दर वर्षी मी त्या लहान दगडाला पांढरा रंग मात्र देत असे. अक्षर काढलं नाही.

बायको रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायची. सहा वर्षांपूर्वी फादरनी मला बोलावलं. म्हणाले, "पेंटर, मरियामातेच्या पुतळ्याखालच्या फळीवरची अक्षरं पार उडालीत. तुमच्या बाईंची पोरं वाचताना अडखळतात." मी शिडीवर चढून 'देवाची माता' ही अक्षरं पुन्हा गिरवत होतो आणि खाली तिचा वर्ग चालू होता.

दोन वेण्यांची एक पोरगी म्हणाली, "बाई, देव तर आधीपासून आहे. मग त्याला आई कशी?"

"तुला कोणी जन्म दिला गं?"

"मम्मीनं."

"तुझा आत्मा तिनं केला?"

"नाही. तो देवानं."

"मग ती नुसत्या तुझ्या हाडामासाची आई का?"

पोरगी हसली. "काहीतरीच काय, बाई! ती माझी आई."

"तसंच आहे ते," बायको म्हणाली. "आई अंगाची नसते, माणसाची असते. मरियेनं देवाला देवपण दिलं नाही, ते त्याचं त्याला होतंच. पण तिच्या पोटी जन्मला तो देवच. म्हणून ती देवाची आई." मग जरा थांबून तिनं पुढे सांगितलं, "तो तेहतीस वर्षं जगला. तासभर जगला असता ना, तरी ती त्याची आईच."

तिनं वर पाहिलं नाही. माझा ब्रश तिथल्या तिथे थांबला. पंचवीस वर्षांनी मला उत्तर मिळालं होतं. शिडीवरून उतरायला पायऱ्या होत्या सहा. मी उतरलो नाही.

घरी जाताना ती म्हणाली, "'माता'चं शेवटचं अक्षर वाकडं गेलंय तुमचं."

"फळीच वाकडी आहे," मी म्हणालो.

फळी सरळ होती. त्यावर आमचं एवढंच बोलणं झालं.

यंदा तिच्या छातीत पाणी झालं. दवाखान्यात नर्स फॉर्म भरत होती. "मुलं किती?" तिनं विचारलं. सवयीनं मी बोलून गेलो, "नाहीत." बायकोच्या तोंडावर मास्क होता. तिनं चादरीवरचा हात उचलला आणि एक बोट वर केलं.

"काय हवंय, आजी? पाणी?" नर्स म्हणाली.

मला कळलं होतं. तरी मी उठलो आणि पाण्याचा पेला भरून आणला. तिनं तो घेतला नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

हे बोटाचं मी कोणाला सांगितलं नव्हतं. आज दगडासमोर मेव्हणीला सांगितलं. ती मला फाडून खाईल असं वाटलं होतं. तिनं रंगाचा डबा खाली ठेवला, लहान दगडापाशी जाऊन बसली आणि त्याच्यावरचं शेवाळ किल्लीनं खरवडू लागली.

"आधी हिचं करा," ती म्हणाली. "ताईला थांबायची सवय आहे."

मी गुडघे टेकले. तिनं दोऱ्याचं एक टोक धरलं, मी दुसरं. दोरा ओढून सोडला आणि दगडावर खडूची रेघ उमटली. सासूबाईंचं नाव मी त्यांच्या स्वतःच्या दगडावर लिहिलं होतं तेव्हा दहा मिनिटं लागली होती. तेच नाव आज लिहायला तास गेला. मग मोठ्या दगडाकडे वळलो. बायकोचं नाव लिहिलं, तारखा लिहिल्या आणि खाली मुलीचं नाव घालून 'हिची आई' असं लिहिलं. 'प्रेमळ' वगैरे काही घातलं नाही. ते लोकांसाठी लिहायचो.

मेव्हणी मागं सरकून, डोळे बारीक करून बघत राहिली.

"शेवटचं अक्षर वाकडं गेलंय, भावजी."

"हो," मी म्हणालो. "दगड सरळ आहे."